वाटणीत सापडलेली शिडी

मित्रांनो, खोलीच्या कोपऱ्यात घडी घालून उभी असलेली, अंगावर नाना रंगांचे ठिपके ल्यालेली आणि उंचीने काहीशी ठेंगणी अशी मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मला पाहून कोणासही वाटेल की ही मूळचीच बुटकी असावी. परंतु तसे नाही. एके काळी मी चांगली उंच होते. माझ्या वरच्या पायरीवर उभा राहिलेला ठेंगणा मनुष्यदेखील छताला सहज तळहात लावू शकत असे. माझी ती उंची कशी गेली, आणि गेल्याचे दुःख करावे की समाधान मानावे, हे मला अद्याप का उमगलेले नाही, ते मी आज तुम्हांस सांगणार आहे. माझी भाषा लाकडाची आहे. ती कोठे राठ वाटल्यास सांभाळून घ्यावे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याच्याकडे एके दिवशी एक रंगारी आला. घरे रंगविण्यात त्या रंगाऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु त्याच्याजवळ साधी, भिंतीला टेकवावयाची शिडी होती. अशा शिडीत एक मोठा उणेपणा असतो. ती भिंतीजवळच उभी राहू शकते. खोलीच्या मधोमध तिने टेकावे कशाला? हवेला? म्हणून छताचा मधला भाग रंगविताना तो बिचारा टेबलावर स्टूल आणि स्टुलावर रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढत असे. घरमालकाची बायको खाली उभी राहून डोळे झाकून घेत असे.

“मला अशी शिडी करून दे, की तिला कुणाचाच आधार लागणार नाही,” रंगारी म्हणाला.

सुतार रंधा थांबवून हसला. “असं काही नसतं रे. आधार सगळ्यांनाच लागतो. भिंतीचा नको असेल, तर दोन भाग करू. एकमेकांवर रेलून उभे राहतील.”

“आणि दोघं मिळून पडले म्हणजे?”

“एकटा असला की पडतो. दोघं रेलले की उभे राहतात. मधे एक साखळी लावायची, बस्स.”

“ती कशाला?”

“फार लांब जाऊ नयेत म्हणून. लग्न झालेल्या माणसाला हेसुद्धा सांगायला लागतं का?”

याप्रमाणे माझे रूप ठरले. सुताराने लाकूड निवडण्यातच पुष्कळ वेळ घालविला. ज्याच्या रेषा सरळ आहेत आणि ज्यात गाठ नाही, असेच लाकूड त्याने घेतले; कारण गाठीपाशी दांडा दगा देतो. माझे उभे दांडे खाली रुंद आणि वर निमुळते होत गेले, जेणेकरून चढणाऱ्याचे वजन पायांशी पसरून जावे. दांड्यांत त्याने पटाशीने खाचा पाडल्या आणि त्यांत पायऱ्या ठोकून बसविल्या. दांडे बाहेरच्या बाजूस फाकू नयेत यासाठी पायऱ्यांखालून लोखंडी सळया घातल्या आणि त्यांची टोके आवळली. ही झाली माझी पुढची चौकट. मागच्या चौकटीस पायऱ्या नव्हत्या. तिला नुसते आडवे दांडे होते. चढावयाचे पुढून, भार तोलावयाचा मागून, अशी आमची कामाची विभागणी होती. माथ्यावर दोन बिजागऱ्यांनी आम्हांस जोडले आणि मध्ये साखळी लावली.

सर्वांत अवघड काम पायांचे होते. मी पूर्ण उघडले, की पायऱ्या जमिनीशी समांतर आल्या पाहिजेत; पुढे वा मागे कलता कामा नयेत. त्यासाठी आमचे पाय एका विशिष्ट तिरकसपणाने कापावे लागतात. सुताराने मला उघडून उभी केली आणि प्रत्येक पायरीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवून पाहिली. जेथे पाणी सांडले तेथे त्याने पुन्हा रंधा मारला. शेवटी एकही वाटी सांडली नाही, तेव्हा तो मला म्हणाला, “जा आता. उभी राहा.” माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला आणि सर्वांत मोठा आशीर्वाद होय.

रंगारी लोक मला ‘घोडा’ म्हणतात. मी स्त्रीलिंगी असूनही या नावाचा मला कधी राग आला नाही. कारण या नावात कौतुक आहे. निष्णात रंगारी माझ्या माथ्यावर दोन्ही बाजूंस पाय टाकून बसतो आणि अंगाला हिसके देत, खाली न उतरता, मला खोलीभर चालवितो. हे धोक्याचे आहे आणि तुम्ही ते चुकूनही करू नये. परंतु तेव्हा मला खरोखरच टापा फुटल्यासारखे वाटे.

त्या रंगाऱ्यास तीन मुले होती. थोरला मुलगा अंगाने बुटका, पण हाताचा पक्का. मधली मुलगी जिभेने तिखट. धाकटा मुलगा ताडासारखा वाढणारा आणि मनाने हळवा. वडिलांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी मला थोरल्याच्या हवाली केले. थोरला वर चढू लागला आणि धाकटा खाली उभा राहून माझी मागची चौकट धरू लागला. त्यांचे काम पाहणे ही एक मौज होती. त्यांस फार बोलावे लागत नसे.

“डबा.”

“घे.”

“धर.”

“धरलंय.”

“सरकव.”

“आधी उतर तरी!”

“तू सरकव रे, मी बसलोय.”

असे म्हणत थोरला माझ्या माथ्यावर बसून राही आणि धाकटा मला त्याच्यासकट इंच इंच सरकवी. एकाचे पाऊल माझ्या पुढच्या अंगास आणि दुसऱ्याचे हात माझ्या मागच्या अंगास ठाऊक होते. थोरल्याची पावले रुंद आणि उबदार होती. तो आधी डावा पाय ठेवी, क्षणभर थांबे, आणि मग सगळे वजन माझ्यावर सोपवी. त्या एका क्षणात तो मला विचारीत असे, ‘आहेस ना?’ आणि मी किंचित करकरून उत्तर देत असे, ‘आहे.’ त्यांची बहीण दुपारी जेवणाचे डबे घेऊन येई, माझ्या खालच्या पायरीवर बसे आणि दोघांच्याही रंगाने माखलेल्या तोंडांची यथेच्छ टिंगल करी. “ओळखू येत नाहीये, भाऊ कोण आणि भिंत कोण,” असे ती म्हणे.

वडिलांनी मुलांना एक नियम घालून दिला होता. परक्याच्या शिडीवर पाय ठेवावयाचा नाही. कारण प्रत्येक शिडीचे दुखणे तिच्या धन्यालाच माहीत असते. कोणती पायरी सैल आहे, कोणता पाय आखूड आहे, हे पाहुण्याला कळत नाही. हा नियम दोघा भावांनी वडील गेल्यावरही मोडला नाही. पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढे तुम्ही ध्यानात ठेवावे.

वडील गेल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही एका मोठ्या दिवाणखान्याचे काम करीत होतो. छत उंच होते आणि त्याच्या मधोमध चुन्यात काढलेले एक फूल होते. थोरला चढण्याच्या बेतात असता धाकटा म्हणाला, “दादा, हे फूल मी रंगवू?”

“पुढच्या वेळेला.”

“मागच्या वेळेलाही तू हेच म्हणालास.”

“अरे, मालक बघतोय. नाजूक काम आहे.”

“मग मी नाजूक काम कधी शिकणार? माझे केस पांढरे झाल्यावर?” धाकट्याने माझा दांडा सोडला आणि तो समोर येऊन उभा राहिला. “तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे मी. तुला टाचा वर करायला लागतात, मला लागणार नाहीत. तरी मी खालीच. आयुष्यभर मी तुझे तळवे बघितले, दादा. छत जवळून कसं दिसतं ते मला माहीत नाही.”

थोरला गोंधळला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तो म्हणाला, “तू धरतोस म्हणून तर मी निर्धास्त चढतो. तू वर गेलास तर धरणार कोण?”

“तू!”

यावर थोरल्याने पटकन ‘हो’ म्हणावयास हवे होते. परंतु तो गप्प राहिला. त्याने आजवर कधी कोणासाठी शिडी धरलीच नव्हती, आणि हे आपणांस जमेल की नाही याचाच तो विचार करीत असावा. पण धाकट्याने त्या गप्प राहण्याचा निराळाच अर्थ घेतला. “कळलं,” एवढेच तो बोलला आणि ब्रश बादलीत टाकून निघून गेला.

मित्रांनो, भांडणे मोठ्या कारणांवरून होतात असा आपला समज असतो. मी जे भांडण पाहिले ते चुन्याच्या एका फुलावरून झाले. अबोला वाढत गेला, आणि शेवटी दोघांनी वेगळे राहण्याचे आणि सामानाची वाटणी करण्याचे ठरविले. ब्रश वाटले, बादल्या वाटल्या, पुट्टी भरण्याचे पत्रे आणि पोपडे खरवडण्याच्या पटाशा वाटल्या. शेवटी अंगणात मी एकटी उरले.

“घोडा कुणाचा?” धाकट्याने विचारले.

“बाबांचा,” थोरला म्हणाला. “म्हणजे दोघांचा.”

“दोघांचा कसा चालेल? आपण वेगळे होतोय.”

तेव्हा रागाच्या भरात थोरल्याच्या तोंडून ते वाक्य गेले. “मग सोपं आहे. तू नेहमी मागची बाजू धरायचास. मागची तुझी. मी पुढून चढायचो. पुढची माझी.”

असे शब्द तोंडातून गेल्यावर परत घेता येतात. परंतु तेवढा धीर असावा लागतो. थोरल्याला तो झाला नाही, आणि धाकटा ‘नको’ म्हणण्याइतका शांत नव्हता. “आण तो पेचकस,” तो म्हणाला. त्यांनी माझ्या बिजागऱ्या काढल्या. अन्याय होऊ नये म्हणून एक बिजागरी एकाने घेतली, एक दुसऱ्याने. साखळी मधोमध कापली. इतक्या काटेकोरपणे केलेला इतका मोठा मूर्खपणा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तेवढ्यात त्यांची बहीण आली. तिने अंगणात आडव्या पडलेल्या माझ्या दोन चौकटी पाहिल्या.

“हे काय केलंत?”

“वाटणी,” थोरला म्हणाला.

“साखळीच्या कड्या सारख्या आल्यात ना दोघांना? बघ बाबा, एखादी कमीजास्त व्हायची.” मग तिचा आवाज बदलला. “आता एकाकडे चढायला आहे आणि उभं राहायला नाही. दुसऱ्याकडे उभं राहायला नाही आणि चढायलाही नाही. शाब्बास रे माझ्या भावांनो.”

धाकट्याने माझी मागची चौकट खांद्यावर घेतली आणि तो निघून गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत मला तिचे पाय दिसत होते.

आता माझ्या आयुष्यातील एका दीर्घ काळाविषयी सांगावयाचे आहे, पण त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. थोरला मला भिंतीला टेकवून वापरू लागला. माझे डोके ओल्या रंगावर घासले जाई आणि भिंतीवर रेघा उठत, म्हणून त्याने माझ्या माथ्यावर चिंध्या गुंडाळल्या. ज्या माथ्यावर रंगाचा डबा दिमाखाने बसत असे, त्यास आता डोकेदुखीच्या रोग्यासारखे फडके बांधलेले होते. भिंती होत होत्या. छते मात्र सुटली; परक्याचा घोडा वडिलांच्या नियमाने वर्ज्य होता आणि नवा करवून घेण्याची ऐपत नव्हती. “छताचं काम मी घेत नाही,” असे थोरला लोकांना सांगे. पण नव्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तो सवयीने आधी वरच पाही, आणि मग हळूच मान खाली घाली. पुढे भिंतींची कामेही कमी झाली. मग मी घराच्या बोळात उभी राहिले. माझ्या पायऱ्यांवर ओले टॉवेल वाळू लागले. कोणी माझ्या खालच्या पायरीवर बसून चपलेचे बंद लावी, तेव्हा तेवढ्याने मला बरे वाटे.

तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली आठवण? तर ऐका. माझ्या पाठीला सदैव एक भार असे. मी मागच्या चौकटीवर रेलत असे आणि ती माझ्यावर. तो भार गेल्यावर हलके वाटावयास हवे होते. परंतु मला उलट जड वाटू लागले. बोळातून वारा आला की तो माझ्या पाठीच्या बाजूने, जेथे ती असावयास हवी तेथून, मोकळा निघून जाई. पूर्वी घडी घालताना आम्ही दोघी एकमेकींवर आपटत असू आणि एक ‘टप्’ असा आवाज होई. दिवसाचे काम संपले, असा त्याचा अर्थ होता. तो आवाज न झाल्यामुळे माझा एकही दिवस संपल्यासारखा वाटत नसे. ती कोठे असेल, उन्हात आहे की ओलीत, तिच्याशी कोणी काय करीत असेल, हाच विचार. धाकट्याने रंगकाम सोडले आहे आणि तो एका फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांना पॉलिश करतो, इतकेच बोलण्यातून कानी येई. पॉलिश बसून करतात. त्यास शिडी लागत नाही.

अशी वर्षे गेल्यावर एक दिवस थोरल्याने अचानक मला बोळातून बाहेर काढले आणि खांद्यावर घेऊन तो बहिणीच्या घरी गेला. बहीण पाठीवर उताणी निजलेली होती. ती शिवणाच्या कारखान्यात काम करीत असे. तेथे जिन्यावरून पडून तिच्या मणक्यास मार बसला होता. डॉक्टरांनी तिला कित्येक महिने उताणेच पडून राहण्यास सांगितले होते. कुशीस वळण्याचीही मुभा नव्हती. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर तिची ती एकच खोली. छताला ओल येऊन रंगाचे पोपडे धरले होते, आणि ते तिच्या तोंडावर, डोळ्यांत पडत होते. डोळे दोनदा सुजले होते. खाट भिंतीकडे सरकवून पाहिली, तर तिकडचे पोपडे पडू लागले.

“बाकीच्यांना खिडकी असते बघायला,” ती थोरल्यास म्हणाली. “मला हे छतच आहे. आणि ते माझ्या डोळ्यांत येतंय.”

लांब काठीला ब्रश बांधून रंग देता येतो. परंतु पोपडे खरवडणे आणि पुट्टी भरणे ही कामे हातानेच करावी लागतात. थोरल्याने मला एका भिंतीला टेकविले, मग दुसऱ्या भिंतीला. कडेकडेचे छत त्याने खरवडले. मधले तसेच राहिले. अखेर त्याने टेबलावर स्टूल ठेवले.

“उतर,” बहीण म्हणाली. “या घरात एक जण उताणं पडलंय, तेवढं पुरे.”

“मग काय करू?”

“काय करायचं ते तुला माहीत आहे. अर्धा घोडा घेऊन आलास, अर्धंच छत होणार.”

“त्याच्या दारात मी जाणार नाही. तो सोडून गेला होता.”

“बरं. मग पडू देत पोपडे. मी डोळे मिटून पडते. तुम्ही दोघं बरोबर आलात तर कुणीतरी मला सांगा, तेवढ्यापुरते उघडीन.” आणि तिने खरोखरच डोळे मिटून घेतले. थोरला पुष्कळ वेळ बोलत राहिला, पण तिने ते उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने मला पुन्हा खांद्यावर घेतले. या खेपेस तो शहराच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. वाटेत तो दोनदा थांबला आणि परत वळला, आणि पुन्हा पुढे निघाला. धाकट्याच्या घरापुढे त्याने मला जमिनीवर ठेवले, आणि तेथे, खिडकीखाली, मी तिला पाहिले.

तिच्या अंगावर एक वेल चढला होता. पाने बाजूस केल्यावरच आडवे दांडे दिसत होते. आणि तिचे पाय कापलेले होते. खिडकीच्या कट्ट्याखाली बसावी म्हणून वीतभराहून जास्त कापलेले होते.

“बाबांच्या घोड्याचे पाय कापलेस?” थोरल्याच्या तोंडून पहिले शब्द बाहेर पडले ते हे.

धाकटा दारात उभा होता. “माझ्या वाटणीचे होते,” तो म्हणाला. मग खाली पाहून म्हणाला, “ठेवून तरी काय करणार होतो? रोज बघवत नव्हतं. वेल चढवला, म्हणजे दिसायचं बंद झालं.”

“मधली पडून आहे.”

“माहीत आहे. गेलो होतो मी. मलाही म्हणाली, दोघं या.”

“मग आला का नाहीस?”

“काय घेऊन येऊ, दादा? तुझ्याकडे निदान पायऱ्या होत्या.”

धाकट्याची बायको पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. दोघांच्या तोंडांकडे पाहून ती म्हणाली, “भांडायचं असेल तर आधी वेल सोडवा. तो माझा आहे, त्याची वाटणी नाही.” मग तिघांनी मिळून तो वेल दांड्यांवरून हलक्या हाताने उलगडला आणि खिडकीच्या गजाला बांधला. थोरल्याने खिशातून आपली बिजागरी काढली. धाकट्याने एका पेटीच्या झाकणाची बिजागरी सोडवून आणली. ती माझीच दुसरी बिजागरी होती. साखळीचे दोन तुकडेही त्यांनी एका कडीने पुन्हा जोडले. आणि मित्रांनो, पेचकसाचे शेवटचे पीळ बसले तेव्हा माझ्या पाठीस पुन्हा तो भार आला. मला तिच्याशी पुष्कळ बोलावयाचे होते. पण तिला वेलाचा वास येत होता, मला टॉवेलांचा. आम्ही दोघी नुसत्या करकरलो.

त्यांनी मला उघडून उभी केली. मी मागे कलले. मागचे पाय आखूड झाल्यामुळे माझ्या साऱ्या पायऱ्या मागे झुकल्या होत्या. अशा शिडीवर चढणे म्हणजे मागच्या बाजूने कोसळणे.

“मागच्या पायांखाली विटा ठेवू,” धाकटा म्हणाला.

“सरकवताना वीट निसटते. खाली मधली पडलेली आहे.”

“मग तुकडे जोडू.”

“पायाला सांधा लावलेली शिडी बाबांनी वापरू दिली असती?”

थोरला माझ्याभोवती फिरला. मग त्याने एक सरळ पट्टी घेतली, मागच्या पायांच्या बुडापासून माझ्या पुढच्या दांड्यापर्यंत धरली, आणि पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढली. रेघ माझ्या खालच्या पायरीला खेटून वरून गेली. “करवत आण,” तो म्हणाला.

“दादा, थांब.” धाकट्याच्या ध्यानात आले होते. “एवढी कापलीस की तुझा हात छताला पोचणार नाही. या काय, कुठल्याच छताला नाही.”

“माहीत आहे.”

“अरे, मग चढणार कोण?”

“वीतभर उंच आहेस ना माझ्यापेक्षा? गल्लीभर सांगत होतास.” थोरल्याने करवत रेघेवर टेकविली. “आता बघत काय उभा राहिलायस? दांडा हलतोय. धर.”

धाकट्याने माझा दांडा धरला. करवत चालू झाली. आपले अंग कापले जात असता सुख वाटते असे मी म्हटले, तर ते खोटे होईल. जी पायरी सर्वांआधी थोरल्याचा पाय ओळखत असे, तीच गेली. भुसा त्याच्या चपलांवर पडला. मग त्यांनी मला उभी केली. थोरल्याने एक वाटी पाणी मागून घेतले आणि पायरीवर ठेवले. पाणी हलले, काठाशी आले, आणि स्थिर झाले.

त्याच दुपारी आम्ही बहिणीच्या खोलीत पोहोचलो. “आलो गं,” धाकटा म्हणाला. तिने डोळे उघडले, आधी एकाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे, मग माझ्याकडे. “घोडा बुटका झाला,” ती म्हणाली. आणि तिच्या कानांकडे पाणी ओघळले, कारण उताण्या माणसाचे अश्रू तिकडेच जातात. त्यांनी तिची खाट दाराशी ओढून तिच्या तोंडावर एक पातळ ओढणी टाकली. थोरल्याने माझी मागची चौकट धरली. ती कशी धरावी हे त्यास येत नव्हते. तो कधी फार घट्ट धरी, कधी पुढे येऊन चढणाऱ्याच्याच आड येई.

“असं नाही, दादा. बाजूला हो. पाय फाकव. दांड्यावर छाती टेक.”

“मला शिकव आता तू!”

“शिकवतोय की.”

धाकटा चढला. त्याची पावले लांबट आणि घाबरलेली होती. वरच्या पायऱ्यांपाशी जाऊन त्याने हात वर केला आणि छताला तळहात लावला. तेथे तो तसाच उभा राहिला.

“काय झालं रे?” थोरल्याने खालून विचारले. त्याच्या कपाळावर पोपड्यांचा चुरा पडला होता.

“काही नाही.” धाकट्याने छतावरून तळहात फिरविला आणि तो म्हणाला, “खरखरीत आहे रे. मला वाटायचं गुळगुळीत असेल.”

“खालून तसंच वाटतं,” थोरला म्हणाला. “तोंड मिटून बोल, चुरा जाईल.”

“तू मिट. तुझ्याच तोंडात जातोय,” ओढणीखालून बहीण म्हणाली.

ते छत पांढरे झाले. बहीण आता काठी घेऊन हिंडते आणि भावांना पूर्वीप्रमाणेच बोलते. दोघे भाऊ पुन्हा एकत्र काम करतात. उंच दिवाणखान्यांची कामे आता त्यांना घेता येत नाहीत. साध्या घरांची साधी छते घेता येतात. धाकटा वर असतो, थोरला खाली. संध्याकाळी घडी घालताना ‘टप्’ असा आवाज होतो आणि माझा दिवस संपतो. मी सुखी आहे असे कोणीही म्हणेल, आणि ते खोटे नाही.

तरीदेखील एक हुरहूर माझ्या लाकडात राहून गेली आहे. धाकटा ब्रश धुण्यास बाहेर गेला, की कधी कधी थोरला मागून पुढे येतो. इकडेतिकडे पाहतो. माझ्या खालच्या पायरीवर आपला रुंद, उबदार डावा पाय ठेवतो, आणि क्षणभर थांबतो. मी करकरते. तो वर छताकडे पाहतो. मग पाय काढून घेतो आणि खिशातल्या फडक्याने ती पायरी पुसून ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी शिडी असेल, तर तिला ओलीत ठेवू नका, तिच्या बिजागऱ्यांना तेलाचे बोट लावा, आणि चढण्याआधी तिची साखळी ताणलेली आहे की नाही ते पाहा. आणि वर गेल्यावर छत पाहून झाले, की एकदा खाली वाकून पाहा. कोणी तरी तुमच्यासाठी शिडी धरून उभे असेल. त्याचे हात भरून आले आहेत का, एवढे त्याला वरून विचारा.